वाणसामानाची यादी : मुंबईच्या स्वयंपाकघरात ‘निवड’ कशी आली?

१/
मराठीत ‘निवडणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. सुपात तांदूळ घेऊन त्यातील खडे आणि किडके दाणे वेगळे काढणे, हा एक. अनेक वस्तूंमधून आपल्याला हवी ती पसंत करणे, हा दुसरा. गेल्या शंभर वर्षांत मुंबईच्या घरातील स्वयंपाक पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे सरकत गेला. हा केवळ दुकाने सुधारत गेल्याचा इतिहास नाही. त्यात महायुद्ध आहे, टंचाई आहे, सहकार आहे, हातात लाटणे घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे आहेत आणि पाकिटावरील बारीक अक्षरेही आहेत. हा धागा त्या प्रवासाविषयी.

२/
प्रारंभ गिरणगावातून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत परळ, लालबाग, नायगाव येथील चाळींतील वाणसामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडून येत असे. दुकानाची रचना ठरलेली होती. गिऱ्हाईक फळीच्या बाहेर उभे राही आणि माल फळीच्या आत, पोत्यांत व डब्यांत असे. मागितलेली वस्तू वाणी काढी, तागडीत तोली आणि जुन्या कागदाच्या पुडीत बांधून देई. मालाला नाव नसे, छापील किंमत नसे. तांदूळ कोठून आला, तेलात काय मिसळले आहे, या प्रश्नांचे एकमेव उत्तर म्हणजे वाण्याचा शब्द.

३/
या व्यवहाराचा खरा कणा होता उधारी. गिरणीतील पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपून काही दिवस लोटल्यावर हाती पडणारा. तोवर चूल पेटवायची तर वाण्याच्या वहीत नाव असणे भाग होते. मात्र उधारीवर माल घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही आणि दुसऱ्या दुकानी जाताही येत नाही. घरात कोणता तांदूळ शिजेल, हे बऱ्याच अंशी त्या वहीतील थकबाकीच ठरवीत असे.

४/
हीच वही संकटात आधारही ठरे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला. इतका काळ पगाराविना तग धरण्यामागे संघटनेची शक्ती होती, तशीच वस्तीतील धान्य दुकानदारांनी दिलेली उधारीही होती. मुंबईच्या कामगार वस्त्यांचा अभ्यास करणारे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी या शेजारसंबंधांचे महत्त्व विस्ताराने दाखवून दिले आहे. वाणी हा शोषक होता की आश्रयदाता, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तो बहुधा दोन्ही होता.

५/
त्याच काळात, हजारो मैल दूर, फळीच्या आतबाहेरची ही रचनाच मोडली जात होती. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाईक फिरत्या फाटकातून आत जाई, टोपली घेऊन फडताळांमधील वाटेने चाले, प्रत्येक वस्तूवर लिहिलेली किंमत पाही, स्वतः वस्तू उचली आणि शेवटी एकाच ठिकाणी पैसे देई. आज यात नवल वाटत नाही. तेव्हा मात्र ही कल्पना इतकी नवी होती की साँडर्स यांना १९१७ मध्ये तिचे पेटंट मिळाले.

६/
पुढे १९३० मध्ये, महामंदीच्या दिवसांत, मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘किंग कलन’ हे प्रशस्त, स्वस्त आणि रोखीचे दुकान सुरू केले. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथील सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली. आरंभी गिऱ्हाइके ती वापरण्यास बिचकत, म्हणून गोल्डमन यांनी ट्रॉली ढकलत फिरण्यासाठी माणसे पगारावर ठेवली. या सर्व सोयींमागे एक हिशेब होता. माल काढून देण्याचे जे काम नोकर करीत, ते गिऱ्हाइकाकडे गेले, दुकानाचा खर्च उतरला आणि त्यातून किंमतही उतरली.

७/
मग ही पद्धत मुंबईत लगेच का आली नाही? पहिले कारण हे की स्वयंसेवेसाठी माल आधी बांधलेला, तोललेला आणि नाव असलेला हवा. येथे तर धान्य पोत्यात सुटे होते. ते ओंजळीत घेऊन, हुंगून, दाण्याला दात लावून पाहणे हीच त्याची परीक्षा होती. दुसरे कारण, स्वयंसेवेचे दुकान रोखीवर चालते आणि गिरणगाव उधारीवर चालत होते. तिसरे कारण असे की धान्य साफ करण्याचे काम दुकानात होतच नव्हते. ते दुपारच्या वेळी घरातील स्त्रिया करीत. पाखडणे, चाळणे, निवडणे या श्रमाची किंमत कोणत्याही तागडीत मोजली जात नसे.

८/
बंद डबा आधी आला तो निवडक वस्तूंमध्ये. १९१० मध्ये बेडेकरांनी गिरगावात किराण्याचे दुकान काढले, आणि पुढे त्याच नावाची लोणची व मसाले घरोघरी गेले. लोणचे ही तोवर घरात घालण्याची वस्तू होती. कैरी फोडण्यासाठी विळी लागे, बरण्या ठेवण्यासाठी जागा लागे आणि हाताखाली माणसे लागत. मुंबईच्या एका खोलीत या तिन्हींची वानवा होती. ज्या घरात बरणीला कोपरा नव्हता, त्या घराने लोणच्यासाठी दुकानाचा रस्ता धरला, हे स्वाभाविकच होते.

९/
दुसरे उदाहरण ‘डालडा’. १९३० च्या दशकात हे वनस्पती तूप पिवळ्या डब्यांतून बाजारात आले. सुट्या तुपातील भेसळीची भीती आणि साजूक तुपाची न परवडणारी किंमत यांच्या मधल्या जागेत ते स्थिरावले. त्यावर टीकाही मोठी झाली. गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला होता, आणि स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेपर्यंत पोहोचली. बंदी आली नाही. ‘डालडा’ हे एका मालाचे नाव न राहता वनस्पती तुपासाठीचे सामान्यनामच झाले, आणि रिकाम्या डब्यांत डाळी भरल्या गेल्या. येथे प्रथमच अनेक घरांचा विश्वास वाण्याच्या शब्दावरून डब्याच्या झाकणावर सरकला.

१०/
एवढ्यात युद्धाने सगळा बाजारच उलथवला. मुंबई आणि कोकणपट्टी भात खाणारी होती, आणि या भाताचा मोठा पुरवठा ब्रह्मदेशातून होई. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि तो पुरवठा थांबला. भाव चढले, साठेबाजी वाढली. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका मिळाली, प्रत्येक माणसाचा वाटा ठरला आणि दुकानही नेमून दिले गेले.

११/
शिधापत्रिकेचा परिणाम थेट ताटात दिसला. भात खाणाऱ्या घरात गहू आला, ज्वारी-बाजरीच्या घरात कधी जाडाभरडा तांदूळ आला. जे मिळेल ते शिजवायचे, हा नियम झाला. १९४६ मध्ये देशभर धान्याची चणचण वाढली तेव्हा मूळ वाटा कमी करून माणशी दररोज १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम करण्यात आला. मात्र एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. या व्यवस्थेमुळे ज्याची वहीत पत नव्हती, त्यालाही ठरलेल्या भावात धान्य मिळण्याचा हक्क प्रथमच कागदावर आला. निवड गेली, पण वाटा निश्चित झाला.

१२/
स्वातंत्र्यानंतर नियंत्रण काढणे आणि पुन्हा लादणे, असा खेळ काही वर्षे चालला. गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे सैल झाली, भाव भडकले आणि ती परत आली. १९५० नंतर अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशी जनतेला एखादे जेवण सोडण्याचे आणि तांदूळ-गव्हाऐवजी रताळी, केळी अशा पर्यायी अन्नाकडे वळण्याचे आवाहन करीत होते. त्यांच्यानंतर आलेल्या रफी अहमद किडवाई यांनी नियंत्रणे पुष्कळशी उठविली. दिल्लीत मंत्री बदलला की मुंबईत भाताचे आधण बदले, असे ते दिवस होते.

१३/
या धामधुमीत, १९४८ मध्ये, नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहकांच्या सहकारी भांडाराची मुहूर्तमेढ रोवली गेली. पुढे ‘अपना बाजार’ या नावाने मुंबईला परिचित झालेली संस्था ती हीच. विचार साधा होता. गिऱ्हाइकांनीच भाग-भांडवल घालावे, घाऊक दराने माल आणावा, वजन खरे ठेवावे, भेसळ करू नये आणि नफा सभासदांत वाटावा. वाण्याची वही एका माणसाच्या मर्जीवर चाले. येथे दुकान गिऱ्हाइकाच्या मालकीचे होते. मुंबईच्या सुपरमार्केटच्या वंशवृक्षात हे नाव मुळाशी आहे, आणि ते कामगारांच्या संस्थेचे आहे.

१४/
१९५६ मध्ये अमेरिकेशी ‘पीएल ४८०’ कायद्याखालील करार झाला आणि अमेरिकी गहू बोटींतून येऊ लागला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये धान्याची आयात सुमारे एक कोटी टनांवर गेली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि अनेक उपाहारगृहे त्या रात्री बंद राहिली. कित्येक राज्यांत लग्नसमारंभात किती पाहुण्यांना जेवू घालावे, यावरही सरकारी आदेश निघाले. घरची पंगत हा आता शासनाचा विषय होता.

१५/
६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. भाव भडकतील या धास्तीने सरकारने ग्राहक सहकारी भांडारांना वेग दिला आणि जुलैमध्ये दिल्लीच्या कॅनॉट सर्कसजवळ ‘सुपर बाजार’ उभा राहिला. १९६८ मध्ये मुंबईत कुलाब्याला ‘सहकारी भांडार’ सुरू झाले. त्याच सुमारास अपना बाजारही धान्याच्या दुकानातून बहुविध वस्तूंच्या मोठ्या भांडारात रूपांतरित होत होता. मोठी जागा, रांगेत मांडलेली फडताळे, लिहिलेले भाव आणि शेवटी एकच बिल. मेम्फिसची रचना अखेर मुंबईत आली.

१६/
येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अमेरिकेतील सुपरमार्केटपुढचा प्रश्न होता : कारखान्यांत एवढा माल तयार होतो, तो झपाट्याने विकावा कसा? मुंबई-दिल्लीच्या भांडारांपुढचा प्रश्न नेमका उलटा होता : माल अपुरा आहे, तो रास्त भावात पुरवावा कसा? म्हणून तिकडच्या फडताळांवर एकाच वस्तूचे दहा प्रकार होते, आणि इकडच्या भांडारात साखर ‘आली आहे’ या बातमीने रांग लागे. नाव एकच असले तरी एक संस्था विपुलतेची होती, दुसरी टंचाईची.

१७/
त्याच सुमारास स्वयंपाकाच्या पुस्तकातही बदल घडत होता. शेर, मापटे, चिपटे ही जुनी मापे कायद्याने मागे पडली होती, कारण १९५६ च्या कायद्यानंतर काही वर्षांत किलो आणि लिटर बाजारात रुजले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. त्यातील प्रमाणे घरातल्या वाटी-चमच्याने मोजलेली होती. अंदाजाने आणि सासू-आईच्या देखरेखीखाली शिकायचा स्वयंपाक आता एकट्याने, पुस्तक समोर ठेवून करता येऊ लागला. नोकरीनिमित्त विखुरलेल्या छोट्या कुटुंबांना या गोष्टीचे मोल मोठे होते.

१८/
मग आला १९७२ चा दुष्काळ. ग्रामीण महाराष्ट्रात विहिरी आटल्या, लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि त्यांना खाण्यासाठी सुकडी मिळाली. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी आली. लोकांनी तिचे नाव ठेवले ‘मिलो’, कारण अमेरिकेत तिला तेच नाव होते. त्या पिढीच्या आठवणींत मिलोच्या भाकरीचा लालसर रंग आणि घशात अडकणारा घास अजून आहे. ज्या प्रदेशात शाळू आणि दादर असे ज्वारीचे नाना वाण नावानिशी ओळखले जात, तेथे ‘मिळेल ती ज्वारी’ खाणे हा केवळ चवीचा अपमान नव्हता.

१९/
दुष्काळाची झळ मुंबईत महागाईच्या रूपाने पोहोचली. धान्य, साखर, खाद्यतेल, रॉकेल यांचे भाव चढत गेले आणि रेशन दुकानांतून माल गायब होऊ लागला. १९७२ मध्येच ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी, अशा एरवी भिन्न पक्षांतील नेत्या येथे एकत्र आल्या. मात्र समितीची ताकद होती ती कोणत्याही पक्षात नसलेल्या गृहिणींत. त्या चाळींतून आल्या तशाच मध्यमवर्गीय वसाहतींतूनही आल्या.

२०/
त्यांचे शस्त्र होते लाटणे. हजारो स्त्रिया लाटणी उगारून मोर्चाने निघाल्या, थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले, साठेबाजांच्या गोदामांवर धडकल्या. तोवर भाववाढ हा अर्थशास्त्राचा विषय मानला जाई आणि स्वयंपाकघर हा घराच्या आतला. या मोर्चांनी दाखवून दिले की तेलाच्या बुधलीतील तेल कमी होणे ही राजकीय घटना आहे. तेल किती आणि कशासाठी वापरायचे, याचा निर्णय जी रोज घेते, तिनेच तो प्रश्न रस्त्यावर आणला. १९७५ च्या आणीबाणीत या नेत्यांपैकी अनेकींना तुरुंगवास घडला आणि आंदोलन थंडावले.

२१/
रस्त्यावरच्या या लढ्याला समांतर, एक शांत प्रयोगही सुरू झाला होता. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ च्या गुढीपाडव्याला ‘मुंबई ग्राहक पंचायत’ स्थापन झाली. गायक-संगीतकार सुधीर फडके यांचाही या चळवळीत सक्रिय सहभाग होता. पंचायतीने दुकान काढलेच नाही. एका परिसरातील काही कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी व पैसे आधी द्यावेत, पंचायतीने घाऊक खरेदी करावी, माल एका सभासदाच्या घरी उतरावा आणि सर्वांनी तो वाटून घ्यावा, अशी पद्धत ठरली.

२२/
या पद्धतीतील बारकावा पाहण्याजोगा आहे. वाणी उधार देई, येथे पैसे आधी. सुपरमार्केट फडताळासमोर मोहात पाडते, येथे फडताळच नाही. महिनाभर घरात काय शिजेल याचा विचार आधी करून यादी लिहावी लागे, आणि मालाचा दर्जा पाहण्याचे काम संस्थेचे कार्यकर्ते करीत. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि काम विनावेतन होते. घरोघरी एकट्याने चालणारे ‘निवडणे’ येथे सामूहिक झाले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापूर्वी दशकभर ही शिकवण वाड्या-वसाहतींतून चालू होती.

२३/
दरम्यान पाकिटाचे युग जवळ येत होते, आणि त्याचा पाया कायद्याने घातला. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणे बंधनकारक केले. १९९० मध्ये ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ छापण्याचा दंडक आला. आज कोणी त्या बारीक अक्षरांकडे पाहतही नाही. परंतु वाण्याच्या फळीबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला जे कधीच ठाऊक नसे, ते सारे त्या दोन ओळींत आहे : कोणी बनवले, किती आहे, केव्हाचे आहे आणि जास्तीत जास्त किती पैसे द्यायचे.

२४/
मग एकेक वस्तू पोत्यातून पाकिटात गेली. १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या प्रवीण मसालेवाल्यांचा तयार मसाला उन्हाळ्यातील मिरच्या कांडण्याच्या कामाला पर्याय ठरला. १९८३ मध्ये टाटांचे आयोडीनयुक्त मीठ आले आणि गोणीतील खडेमीठ मागे पडले. रेशनवर आयात पामतेल येऊ लागले. ज्या घरांत शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल हीच फोडणीची ओळख होती, तेथे वास नसलेले तेल रुळले. यात सोय होती, आरोग्याचा लाभही होता, आणि प्रत्येक तालुक्याची वेगळी चव हळूहळू एकसारखी होत गेली, हेही खरे.

२५/
१९९१ च्या उदारीकरणानंतर टंचाई सरली, पण तिच्या जागी विभागणी आली. १९९७ मध्ये केंद्राने रेशन ‘लक्ष्यित’ केले. महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आणल्या : पिवळी, केशरी आणि शुभ्र. वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांपेक्षा अधिक असलेल्यांना शुभ्र पत्रिका, आणि तिच्यावर धान्य नाही. १९४३ पासून कारखानदार आणि कामगार, निदान तत्त्वतः, एकाच प्रकारची पत्रिका बाळगीत होते. आता रांगाच वेगळ्या झाल्या. मध्यमवर्ग रेशन दुकानातून बाहेर पडला आणि त्याबरोबर त्या दुकानाच्या दर्जाविषयी मोठ्याने तक्रार करणारा आवाजही बाहेर पडला.

२६/
त्याच वर्षी, १९९९ मध्ये, शेअरबाजारातील गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी नवी मुंबईतील नेरूळ येथे अपना बाजारची एक शाखा परवान्यावर चालवायला घेतली. व्यवसायाचे ते रूप त्यांना पुरेसे पटले नाही. २००२ मध्ये पवईत त्यांनी स्वतःचे दुकान उघडले. त्याचे नाव ‘डी-मार्ट’. स्वतःच्या मालकीच्या जागा, पुरवठादारांना लवकर पैसे आणि त्यामुळे मिळणारी खरेदीतील सवलत, हे त्यांचे सूत्र. कामगारांच्या सहकारी भांडाराच्या अनुभवातून देशातील एक बलाढ्य खासगी किराणा साखळी निघावी, ही मुंबईच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे.

२७/
डी-मार्ट व त्याच्यासारख्या दुकानांनी बरेच काही दिले. तांदूळ पारदर्शक पिशवीत, खडे काढलेला. डाळ पॉलिश केलेली किंवा न केलेली, हवी ती. भाव छापील किमतीहून कमी. सूप आणि चाळण माळ्यावर गेली, आणि दुपारचे ते तास स्त्रियांना परत मिळाले. पण फडताळावर काय ठेवायचे, डोळ्यांच्या रेषेत काय आणि तळाशी काय, हे गिऱ्हाईक ठरवीत नाही. वरई, नाचणी, हुलगे यांना आज पुन्हा जागा मिळू लागली आहे, ती बहुधा ‘आरोग्यदायी’ या शिक्क्यासह आणि चढ्या भावाने.

२८/
दुसऱ्या रांगेत काय घडले? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा वाटा हा कायदेशीर हक्क झाला. महाराष्ट्रातील सुमारे सात कोटी लोक त्याखाली येतात. प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मात्र हा वाटा प्रामुख्याने गहू आणि तांदळाचा. दशकानुदशके सरकारी खरेदी आणि रेशन या दोन धान्यांभोवती फिरत राहिले, आणि ज्वारी-बाजरीच्या महाराष्ट्रात भाकरीची जागा चपातीने व भाताने घेतली. त्यामागे चवीइतकाच पुरवठ्याचाही हात आहे.

२९/
२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनकार्डधारकांना शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला : रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. पन्नास वर्षांपूर्वी लाटणे उगारणाऱ्या स्त्रियांनी ज्या वस्तूंसाठी मोर्चे काढले, त्यांतील साखर आणि तेल या पिशवीतही होते. त्याच आठवड्यात शहरातील मॉलमध्ये तयार फराळाची पाकिटे रचलेली होती. करंजी कोणी घरी करायची, कोणी विकत आणायची आणि कोणी पिशवीतल्या रव्याच्या मापाने किती लाडू वळायचे हे मोजायचे, याचा निर्णय आजही स्वयंपाकघराबाहेर बराचसा झालेला असतो.

३०/
आता मोबाइलवर यादी टाकली की काही मिनिटांत पिशवी दारात येते. गोदामात कोणी तरुण ती यादी हातात घेऊन फडताळांमधून धावतो, वस्तू काढतो, बांधतो. गिऱ्हाईक पुन्हा फळीच्या बाहेर उभे आहे आणि माल पुन्हा आत, जसा १९१६ पूर्वी मेम्फिसमध्ये आणि लालबागच्या वाण्याकडे होता. फरक इतकाच की वाण्याच्या वहीत गिऱ्हाइकाची उधारी लिहिलेली असे, आणि या नव्या वहीत त्याने काय पाहिले, काय घेतले आणि काय घेता घेता सोडले, तेही लिहिलेले असते.

३१/
म्हणूनच जुन्या घरांत सापडणाऱ्या गोष्टी टाकून देण्याआधी नीट पाहाव्यात. पिवळी पडलेली शिधापत्रिका, ग्राहक पंचायतीची यादी, अपना बाजारचे बिल, डाळ भरून ठेवलेला डालड्याचा डबा. राजे-रजवाड्यांच्या पत्रव्यवहाराला दप्तरखाने लाभले. आपल्या घरात १९४६ मध्ये, १९७२ मध्ये किंवा १९९९ मध्ये काय शिजत होते आणि ते कोणी ठरवले होते, याचे पुरावे मात्र बहुतेक वेळा फडताळाच्या तळाशी अंथरलेल्या कागदांत असतात. आजी-आजोबांना मिलोच्या भाकरीविषयी विचारण्यास अजून वेळ आहे, पण फार नाही.

(धागा समाप्त)